केळीच्या घडाचा एक्स-रे

जळगावात मे महिन्यात दुपारी दोन वाजता रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दिसलंच तर ते एटीएमच्या काचेच्या खोलीत, एसीखाली, रांगेत पहिलं. अशा वेळी पिंप्राळ्याच्या पलीकडच्या मोकळ्या प्लॉटांमध्ये एक म्हातारा स्टँडवर पेटीएवढा कॅमेरा ठेवून, डोक्यावर काळं कापड घेऊन, समोरच्या निंबाला खणखणीत आवाजात "श्वास घ्या... धरून ठेवा... हलू नका..." असं सांगताना तुम्हाला कधी दिसला असेल, तर तुम्हाला ऊन लागलेलं नव्हतं. ते आमचे नाना होते. आणि निंब खरोखर हलत नसे. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी वारा पडलेला होता, असं कॉलनीतले काही जण म्हणतात. म्हणोत बिचारे.

नाना म्हणजे माझे घरमालक. त्यांच्या वरच्या खोलीत मी चार वर्षं भाड्यानं राहिलो, म्हणून ते मला नावानं हाक न मारता 'अहो वरचे' म्हणत. मी तेव्हा ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानात कामाला होतो. नाना त्याआधी तीस-पस्तीस वर्षं धुळ्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढत होते. आता एवढी वर्षं ज्यानं माणसाला कातडीशिवायच पाहिलं, त्याची नजर साधी कशी राहणार? समोरच्याच्या चेहऱ्याकडे ते बघतच नसत. गळपट्टीच्या हाडापासून सुरुवात करत. मी खोली बघायला गेलो, तर नमस्काराच्या आधी म्हणाले, "डावा खांदा खाली आहे. लहानपणी पडला होतात."

मी म्हटलं, "नाही बुवा."

"पडला होतात."

आवाजात असा काही भरवसा होता की मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, "हो, बोदवडच्या स्टेशनवर बाकावरून पडला होतास. तुला कुणी सांगितलं?"

मी खोली घेतली. असा माणूस घरमालक असलेला बरा. निदान आपण आतून कसे आहोत हे एकाला तरी ठाऊक राहतं.

नोकरीतून सुटल्यावर नानांनी माणसं सोडली आणि झाडं, दगड, पानं, मुंग्यांची वारुळं, आटलेली तळी असं सगळं धरलं. पण धरलं ते जुन्याच पद्धतीनं, फिल्म घालून आणि काळ्या-पांढऱ्यात. रंगाचा त्यांना मनस्वी राग. एखाद्यानं सूर्यास्ताचा केशरी फोटो दाखवला की लाच घेताना कुणाला तरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. "रंग म्हणजे फुटलेला साक्षीदार आहे," ते म्हणत. "तुम्ही विचाराल त्याचं उत्तर देत नाही, तुम्हाला आवडेल ते बोलतो. लाल दिसलं की तुम्ही खूश. त्या लालाखाली काय चाललंय, ते कोण बघणार?"

घर पांढरं, दारं काळी, गेट करडं. सदरा पांढरा, पँट करडी. रंगपंचमीला स्वतःला आतून कडी लावून घ्यायचे. शेवभाजीचा रस्सा जेवढा लाल, तेवढी ती जमलेली असं उभं खानदेश मानतं. नाना ती भाजी डोळे मिटून खात. भरीत मात्र डोळे उघडे ठेवून. त्यांच्या मते काळं-पांढरं असं स्वयंपाकात काही असेल तर ते भरताचं वांगं, आणि तेही साल काढायच्या आधीचं.

त्यांच्या मोबाइलचा पडदा मी सेटिंगमध्ये जाऊन काळा-पांढरा करून दिला, तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा चहा पाजला. त्यानंतर फोन उचलायचं हिरवं बटण आणि कापायचं लाल बटण त्यांना सारखंच दिसायला लागलं. सहा महिने ते बहुतेक सगळ्यांचे फोन कापत होते. नातेवाइकांत बातमी पसरली की नाना फार मोठे कलाकार झाले.

नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मात्र त्यांच्या अगदी उलट. पोपटी पातळ, लाल काठ, हातात डझनभर हिरव्या बांगड्या. अंगणात झेंडू लावायच्या, आणि नाना पेपर वाचायला बसले की मुद्दाम त्यांच्या समोरून हळदीचं ताट घेऊन जायच्या. काकूंचं एकच दुःख होतं, ते म्हणजे बाथरूम. घरात ती एकच, आणि सकाळी साडेसहानंतर ती नानांची डार्करूम व्हायची. खिडकीला काळा कागद चिकटवलेला, साबणाच्या जागी औषधांच्या बाटल्या, दांडीवर टॉवेलांऐवजी चिमट्यांना टांगलेल्या फिल्मी. वर लाल दिवा. त्या दिव्यात आंघोळ करताना आपण मंगळावर उतरलोय असं वाटायचं. आणि हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या औषधाचा, तो वास असा अंगाला बसायचा की मी दुकानात शिरलो की शेठ न बघता म्हणायचे, "आला का नानांचा भाडेकरू?"

उन्हाळ्यात पंचाईत वेगळी. फिल्म धुवायचं औषध गार लागतं आणि आमच्या टाकीतलं पाणी अकरा वाजता असं असायचं की पत्ती टाकली तर चहा व्हावा. मग नाना कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणायचे. कॉलनीतली पोरं गोळ्यासाठी ताटकळत उभी आणि नाना लादी पोत्यात गुंडाळून चाललेत. गोळेवाला पोरांना समजवायचा, "थांबा रे, आधी झाडाचा फोटो गार होऊ द्या."

आता हे सगळं हसण्यावारी नेलं असतं लोकांनी. पण नानांच्या फोटोंत एक खोड होती. त्यांत दिसायचं. म्हणजे जे नको ते दिसायचं.

शेजारच्या वहिनींना त्यांच्या जास्वंदीचा कोण अभिमान! कॉलनीच्या ग्रुपवर रोज सकाळी त्या जास्वंदीचा फोटो आणि खाली 'शुभ सकाळ'. फूल असं लालभडक की फोन हातात गरम लागावा. एक दिवस त्या नानांना म्हणाल्या, "नाना, तुम्ही काढा की माझ्या जास्वंदीचा एक." नानांनी काढला. आठ दिवसांनी कागदावर छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, अदबीनं नेऊन दिला. वहिनींनी बघितला आणि मट्कन पायरीवर बसल्या. फुलाचा रंग गेला होता आणि त्या रंगामागं दडलेला अख्खा संसार बाहेर आला होता. देठावर कापसासारखे चिकटलेले पिठ्या ढेकूण, एकेकाचे पाय मोजावेत इतके स्वच्छ. त्यांच्या शेजारून मुंग्यांची रांग. पानावर एक अळी, तिच्या अंगावरचे केस, आणि (हे मी शपथेवर सांगतो) त्या अळीच्या चेहऱ्यावर पोट भरल्याचं समाधान.

"नाना, हे माझं झाड नाही," वहिनी म्हणाल्या.

"तुमचंच आहे. औषध मारा."

वहिनींनी औषध मारलं नाही, ग्रुपमधून नानांचा नंबर काढून टाकला. नंतर महिन्याभरात जास्वंद वाळून गेली. त्याचा ठपकाही फोटोवर आला. कॉलनीत ठरूनच गेलं की नाना ज्या झाडाचा फोटो काढतात ते झाड दगावतं. त्यानंतर नाना कॅमेरा घेऊन निघाले की बायका तुळशीवर पातळाचा पदर धरत.

पण नानांच्या मनात एक गोष्ट होती. एकदा सांजच्याला गच्चीवर माझ्याशेजारी बसून त्यांनी ती सांगितली. "वरचे, दवाखान्यात माझ्या एक्स-रेकडे डॉक्टर बघायचे. दिव्यासमोर धरून, डोळे बारीक करून, मिनिट मिनिट. तसं या फोटोंकडे अजून कुणी बघितलं नाही. लोक म्हणतात 'वा' आणि पुढं जातात. एक प्रदर्शन व्हावं जळगावात. हजार माणसं नकोत मला. एक माणूस एका फोटोसमोर थांबला पाहिजे. त्याला काहीतरी दिसलं पाहिजे. मग मी तुमच्या काकूंना बाथरूम परत देतो."

काकू जिन्यात उभ्या राहून हे ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाटीभर शेवभाजी आणून दिली आणि म्हणाल्या, "तुमच्या दुकानात एवढे मोठे मोठे बागाईतदार येतात. बघा ना कुणी. माझी सून यायची आहे घरात. तिला काय लाल दिव्यात आंघोळ घालू?"

असा या प्रकरणात माझा हात लागला.

आमच्या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे रावेरकडचे एक आबा. केळीची बाग किती, तर एका टोकाला पाऊस पडला की दुसऱ्या टोकाला दुसऱ्या दिवशी कळतं. त्यांच्या बोलीत केळीची 'केयी' होते आणि ती तोंडात आली की त्यांचे डोळे पाणावतात. त्यांनी नुकतंच शेतीच्या एका मेळाव्यात सर्वांत मोठ्या घडाचं पहिलं बक्षीस पटकावलं होतं. तेरा फण्यांचा घड! खरं तर आठ-दहा फण्या आल्या तरी शेतकरी देवाला नारळ फोडतो. तो घड आबांच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये, पंख्याखाली, हार घालून टांगला होता आणि बघायला गाड्या येत होत्या.

मी आबांना नानांचं सांगितलं. आबांनी विचार करायला तेवढाच वेळ घेतला जेवढा ते गाडीचा दरवाजा लावायला घेतात.

"हॉल मी घेतो, फ्रेमा मी बनवून देतो, चहा-कचोरी माह्याकडून. फकत येक काम. दारातून आत शिरलं का समोर माह्या घडाचा फोटो पायजे. चार फूट."

मी चाचरत म्हटलं, "आबा, ते रंगीत काढत नाहीत."

"काया-पांढरा तं काया-पांढरा. मले त्यातलं काई समजत नाई. घड मोठा दिसला पायजे, बस्स."

नाना रावेरला आले. पोर्चमध्ये स्टँड लावला. पंखा बंद करायला लावला. आबांचे दहा-बारा लोक आजूबाजूला, चुलते, भाचे, सरपंच. काळ्या कापडात शिरून नानांनी घडाला बजावलं, "श्वास घ्या... धरून ठेवा..." आणि पोर्चमधल्या सगळ्यांनी श्वास धरला. आबांनी इतका धरला की "सोडा" म्हटल्यावर त्यांना खुर्ची द्यावी लागली. एकच फोटो काढला. भाचा म्हणाला, "नाना, अजून दोन-चार घ्या ना, एखादा चांगला येईल." नानांनी त्याच्या गळपट्टीच्या हाडाकडे असं बघितलं की तो मोबाइल खिशात घालून आत निघून गेला.

चार फुटी कागद धुवायला बाथरूममध्ये भांडं कुठलं? नानांनी कूलरची पत्र्याची टाकी काढून घेतली. एप्रिलचा महिना, घर दोन दिवस भट्टीसारखं. मी टाकीची एक बाजू धरून उभा, नाना दुसऱ्या बाजूनं कागद औषधात हलवतायत, बर्फ तरंगतोय. लाल उजेडात त्या पांढऱ्या कागदावर हळूहळू घड उमटायला लागला. आधी दांडा, मग वरच्या फण्या, एकेक केळ, सालीवरचे पाऊसडाग, कोळ्याचा एक धागा. देखणा होता हो! मी आजवर लाखभर केळी पाहिली असतील, पण केळाला पाठ असते हे मला त्या दिवशी कळलं.

आणि नवव्या-दहाव्या फणीच्या मध्ये एक बारीक उजळ रेघ उमटली.

नाना खाली वाकले. चष्मा वर केला. मग डॉक्टर बोलावे तसं सावकाश म्हणाले, "फ्रॅक्चर."

खालच्या चार फण्या त्या घडाच्या नव्हत्याच. दुसऱ्या कुठल्या तरी घडाचा तुकडा कापून, दांड्याला दांडा जुळवून, हिरव्या प्लॅस्टिकच्या तारेनं बांधला होता. आमच्याच दुकानात नळी बांधायला मिळते ती तार. हिरव्यावर हिरवी कुणाला दिसणार? मेळाव्याच्या परीक्षकांना दिसली नाही, गाड्या भरभरून आलेल्या लोकांना दिसली नाही. पण नानांच्या फोटोत हिरवं कुठं होतं? केळीची साल मऊ करडी होती आणि प्लॅस्टिक चकाकत होतं. तीन पिळे मोजून घ्यावेत असे.

"नाना," मी म्हटलं, "एवढी रेघ ब्रशनं काळी करता येईल ना?"

"येईल."

"मग?"

"धुळ्याला एकजण यायचा. दर दिवाळीला त्याला रजा हवी असायची. म्हणायचा, नाना, माझ्या हातात एवढंसं मोडल्यासारखं दाखवा ना. आणि एक पैलवान होता, त्याचं खरंच मोडलेलं. तो म्हणायचा, नाना, रविवारी कुस्ती आहे, सांधल्यासारखं दाखवा. दोघांनाही मी एकच सांगितलं. मी दाखवत नाही. मी फक्त दिवा लावतो."

काकूंना हे कळलं. नंतर त्यांनी त्यांची काजळाची डबी माझ्या हातात दिली. उद्‍घाटनाच्या दिवशी सकाळी, नाना फ्रेमा सरळ करण्यात गुंतलेले असताना, मी बोटभर काजळ घेऊन त्या तारेवरून हळूच फिरवलं. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाहून, पाठमोरे असताना, नाना म्हणाले, "वरचे, पुसून टाका." मला आजही वाटतं, त्या माणसाला डोळ्यांची गरजच नव्हती, त्यांनी माझ्या श्वासावरून ओळखलं. मी रुमालानं पुसलं. तार आधीपेक्षा जास्त चमकायला लागली.

प्रदर्शन भरलं. चाळीस फोटो. आबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, कचोऱ्या आल्या. गावातली प्रतिष्ठित मंडळी एका हातात कचोरी आणि एका हातात फोन घेऊन हॉलमधून अशी फिरली, जशी लग्नात माणसं आहेर देणाऱ्यांच्या रांगेतून फिरतात. एका फोटोला तीन सेकंद. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "रंगाची शाई संपली होती का?" एका कॉलेजच्या पोरीनं वाळक्या बाभळीच्या फोटोशेजारी उभं राहून सेल्फी काढला आणि त्याला रंगीत फिल्टर मारला. नाना कोपऱ्यात पांढऱ्या सदऱ्यात उभे. बघणाऱ्यांच्या पायांकडे बघत होते. कुणाचे पाय थांबतात का, ते.

मग आबांच्या गावाकडची जीप आली. शेतकरी उतरले. बाकीच्या फोटोंकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ घडासमोर जाऊन थांबले. आणि काय थांबले! हातातली कचोरी हातातच. केळीच्या माणसाची एक सवय असते, घड दिसला की त्याचे ओठ आपोआप हलायला लागतात. फण्या मोजणं त्याच्या रक्तात असतं.

"तेरा," एकजण म्हणाला.

"थांब थांब. वरच्या फन्यांचा बाक पाय, अन् खालच्यांचा पाय."

"खालचे येका अंगाले वाकेल दिसतात बापा."

एक म्हातारा पुढं झाला, फोटोला नाक लावून उभा राहिला आणि मागं न वळता म्हणाला, "हे तार दिसून राह्यली ना?"

आबा हसत हसत आले. आबांचं हसणं फार मोठं असतं, त्यात माणूस बुडून जातो. "अरे सावली हाये ती! केयीवर केयीची सावली पडते, एवढं समजत नाई? इचारा ना नानांले. ज्यानं फोटो काढला त्यालेच इचारा." मग त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाना, दर वर्षी तुमचं प्रदर्शन याच हॉलात. शब्द देतो. सांगा यांले, सावली हाये का नाई?"

काकूंनी माझा दंड धरला होता. मी नानांकडे बघून जेवढं करता येईल तेवढं डोळ्यांनी केलं. एक शब्द. सावली. हा माणूस आयुष्यभर सावल्यांचेच फोटो काढत आला होता. एक सावली जास्त झाली तर कुणाचं काय गेलं?

नानांनी फोटोकडे पाहिलं. घसा साफ केला.

"तार आहे," ते म्हणाले. "हिरव्या प्लॅस्टिकची. तीन पिळे. पहिले दोन सावकाश दिलेत, तिसरा घाईत. देणारा डावखुरा असावा."

सगळ्यांनी आबांच्या भाच्याकडे पाहिलं. तो डाव्या हातानं कचोरी खात होता.

त्यानंतरचं हसू मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण ते अजून रावेरकडच्या शिवारात चालू आहे. प्रदर्शन एकूण चाळीस मिनिटं चाललं. फोटोमागं मिनिट, असा हिशोब एका वाह्यात माणसानं लगेच मांडला. आबांनी गाडीत बसता बसता फक्त एवढंच सांगितलं, "हॉल खाली करा. फ्रेमा म्हाताऱ्याच्या घरी फेका." माझ्याकडे बघून ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आमचे शेठ बोलले.

फ्रेमा उतरवायला आबांची केळी कापणारी टोळी होती. दहा-पंधरा बाया-माणसं, धुळ्याकडची, मजुरीला इकडे आलेली. त्यांना टाळ्या वाजवायला म्हणून आणलं होतं. आता ओझ्याला जुंपलं. केळीचा घड वाहताना ही माणसं खांद्यावर चिंध्यांची गादी ठेवतात आणि घड हलकेच तिच्यावर घेतात, म्हणजे सालीला ओरखडा पडत नाही. फ्रेमाही त्यांनी तशाच घेतल्या. खांद्यावर गादी, गादीवर फ्रेम, फोटो बाहेरच्या बाजूला. वरचं खाली, खालचं वर, कुणी बघतंय? नाना अंगणात टेम्पोपाशी उभे. त्यांच्यासमोरून त्यांचं सगळं आयुष्य एकामागून एक चाललेलं. उन्हाचा उजेड फोटोंवर पडत होता. हॉलच्या ट्यूबलाइटपेक्षा त्यात ते किती तरी उजवे दिसत होते, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

एक बाई फ्रेम टेम्पोला टेकवून उभी राहिली. पन्नाशीची असेल, केळीच्या चिकानं हात आणि लुगडं काळं पडलेलं. तिनं फोटोकडे पाहिलं. मग खाली बसली. बसून पाहायला लागली.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. "ए मावशी, चढव ना!"

बाईनं ऐकलंच नाही. नाना तिच्यापाशी गेले. आवाजात कडवटपणा होता. इतक्या वेळात मी तो पहिल्यांदा ऐकला. "बाई, उलटा धरलाय तुम्ही."

"उलटा? हाई काय शे ओ नाना?"

"नदी आहे. पाणी आटल्यावरची. चिखलाला भेगा पडल्यात."

"नदी?" बाईनं मान हलवली. "मले नई वाटनी नदी."

"मग?"

"मनी मायनी टाच शे हाई." तिनं काचेवरून बोट फिरवलं, अगदी आईच्या दुखऱ्या टाचेवरून फिरवावं तसं. "बठ्ठ्या भेगा तश्याच. आन आठे देखा, काटा मोडेल व्हता तिना पायमा, काढताच उना नई. तो बी शे."

भेगेत एक काळा खडा अडकलेला होता. जोंधळ्याच्या दाण्याएवढा.

नाना तिच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. आणि चार वर्षांत आमच्याशी कधी बोलले नव्हते त्या बोलीत, त्यांच्या स्वतःच्या आईच्या बोलीत म्हणाले, "कोठे शे? दखाड."

तिनं पुन्हा दाखवलं. नानांनी फ्रेम सुलटी केली, नदी दिसली. परत उलटी केली. बराच वेळ बघत राहिले. दिव्यासमोर धरून बघावं तसं, डोळे बारीक करून. टेम्पोवाल्यानं आणखी एकदा हॉर्न वाजवला, तर काकूंनी त्याला असा काही दम भरला की त्यानं इंजिनच बंद केलं.

आपलं काहीतरी चुकलं असं त्या बाईला वाटलं असावं. ती घाईघाईनं फ्रेम फिरवायला लागली.

"राहू दे माय," नाना म्हणाले.

प्रत्येक फ्रेमच्या मागं त्यांनी पेन्सिलीनं एक बाण काढलेला होता आणि बाणापाशी लिहिलं होतं, 'वर'. नानांनी खिशातून पेन्सिल काढली, तो बाण खोडला, आणि उलट्या दिशेनं नवा काढला.